पीएफ की पेन्शन? रेल्वेवाल्या आजोबांचा ऑप्शन फॉर्म

मागे भुसावळहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. आजचा भाग त्या मेसेजचं उत्तर आहे, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो.

हे गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास. २०२५ मध्ये त्यांच्यासमोर एक अर्ज आला. एनपीएसमध्येच राहायचं, की नव्या यूपीएसमध्ये जायचं? ते म्हणतात, "सर, अर्ज हातात घेतला आणि मला आजोबा आठवले. आजोबा रेल्वेत होते. त्यांनाही असाच एक फॉर्म आला होता, पीएफ की पेन्शन. त्यांनी पीएफ घेतला. १९६८ ला रिटायर झाले, एकरकमी पैसे मिळाले, त्यात दोन खोल्या बांधल्या, आत्याचं लग्न केलं. १९७९ मध्ये ते गेले. आजी त्यानंतर खूप वर्षं होती. शेजारच्या काकूंना फॅमिली पेन्शन यायची, आजीला काही नाही. आमच्या घरात अजून म्हणतात की आजोबांनी चुकीच्या कागदावर सही केली. खरंच चूक होती का?"

मंडळी, मी हा मेसेज तीन-चार वेळा ऐकला. कारण ही एका घराची गोष्ट वाटते, पण हा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला होता. तेव्हा चला, सुरुवातीपासून बघू.

आधी "पेन्शन" या शब्दाकडे. मराठी माणसाच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली पेन्शन कोणाची? दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ मध्ये पेशवाई संपली, बाजीराव कानपूरजवळ बिठूरला गेला आणि कंपनी सरकारने त्याला वर्षाला आठ लाख रुपये द्यायचं ठरवलं. तो १८५१ पर्यंत जगला. म्हणजे तेहेतीस वर्षं कंपनी पैसे मोजत राहिली. पण तो गेल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबाने ती पेन्शन मागितली, तेव्हा डलहौसीच्या सरकारने सरळ नाही म्हटलं. पुढे १८५७ ला काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेशव्याच्या तनख्याचा आणि रेल्वेच्या फिटरच्या पेन्शनचा काय संबंध? कायद्याने काही नाही. पण दोन गोष्टी त्या गोष्टीत अगदी स्वच्छ दिसतात. एक, पेन्शन घेणारा जितका जास्त जगेल तितका देणाऱ्याला खर्च जास्त. आणि दोन, घेणारा गेल्यावर मागच्यांना काय मिळणार हे देणारा ठरवतो. या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

प्रॉव्हिडंट फंड ही वेगळ्या स्वभावाची वस्तू. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापायचे, मालकाने त्यात आपला वाटा घालायचा, त्यावर व्याज चढवायचं आणि नोकरी संपली की सगळी रक्कम हातात द्यायची. ब्रिटिश काळात रेल्वेत हीच पद्धत रूढ झाली. सचिवालयातला कारकून, कलेक्टर कचेरीतला माणूस पेन्शनवाला, आणि रेल्वेचा माणूस पीएफवाला, अशी ढोबळ विभागणी होती. या पैशाला कायद्याचं संरक्षणही चांगलं मिळालं. १८९७ मध्ये एक प्रॉव्हिडंट फंड कायदा आला, मग १९२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. त्यातली मुख्य तरतूद अशी की सक्तीने कापलेल्या या ठेवीवर सावकाराला जप्ती आणता येत नाही. ज्या काळात कामगार वस्त्यांमध्ये सावकार पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा असायचा, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पीएफ म्हणजे कोणीही हात न लावू शकणारा पैसा, ही भावना तिथून आली.

आता येऊ १९५७ मध्ये. रेल्वे आता देशाची झालेली. जीआयपी रेल्वेची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झालेली. नोव्हेंबर १९५७ मध्ये रेल्वे बोर्डाने ठरवलं की बाकीच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन रेल्वेतही सुरू करायची. नव्याने येणाऱ्यांना पेन्शनच. आणि जे आधीपासून पीएफमध्ये आहेत त्यांनी ठरवायचं: आहे तिथेच राहा किंवा पेन्शन घ्या. पेन्शन घेतली तर रेल्वेने पीएफमध्ये घातलेला वाटा सोडायचा. आपला स्वतःचा वाटा आपल्याकडे.

हाच तो फॉर्म.

आता जरा आजोबांच्या जागी बसा. १९५७ साल आहे. लोको शेडमध्ये काम करताय, गावाकडे भाऊ आहेत, मुलीचं लग्न व्हायचंय, स्वतःचं घर नाही, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहताय. ते क्वार्टर रिटायर झाल्यावर सोडावं लागणार. समोर दोन कागद. एकावर लिहिलंय, जाताना मोठी रक्कम मिळेल. दुसऱ्यावर लिहिलंय, दर महिन्याला थोडे थोडे मिळतील.

आणि ते थोडे म्हणजे किती? त्या वेळच्या नियमाप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी पगाराचा ऐंशीवा भाग, आणि तोही जास्तीत जास्त तीस ऐंशीअंश. म्हणजे तीस वर्षं घासली तरी पगाराच्या साडेसदतीस टक्के. महागाईप्रमाणे ती आपोआप वाढेल अशी काही सोय नाही. आज आपल्याला माहीत असलेली कायमची फॅमिली पेन्शनही तेव्हा नव्हती. ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १ जानेवारी १९६४ पासून मिळाली. म्हणजे १९५७ मध्ये एखाद्या फिटरच्या मनात सरळ हिशोब असणार की मी रिटायर होऊन दोन वर्षांत गेलो तर बायकोला काय? पेन्शन माझ्याबरोबर जाईल, पीएफचं घर मात्र मागे राहील.

सांगा, तुम्ही कुठे सही केली असती? मी तर पीएफवरच केली असती.

मग चूक कुठे झाली? खेळ सुरू झाल्यावर नियम बदलत गेले, आणि ते एकाच बाजूने बदलले. पेन्शनच्या बाजूने.

१९६४ मध्ये फॅमिली पेन्शन आली. मग सत्तरचं दशक. १९७३-७४ च्या महागाईची आठवण जुन्या माणसांना आजही आहे. मे १९७४ चा रेल्वे संप, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखालचा, त्यामागे पगार आणि महागाई भत्ता हेच मोठं दुखणं होतं. याच सुमाराला, तिसऱ्या वेतन आयोगानंतर, पेन्शनरांना महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली वाढ मिळू लागली. १९७९ मध्ये पेन्शनचं सूत्रच बदललं: सरासरी पगारातल्या पहिल्या हजार रुपयांवर ५० टक्के, पुढच्या पाचशेवर ४५, त्यापुढे ४०. चौथ्या वेतन आयोगानंतर, १९८६ पासून, सरसकट ५० टक्के.

म्हणजे साडेसदतीस टक्क्यांवरून पन्नास. वर महागाईची भर. वर बायकोला फॅमिली पेन्शन. आणि पीएफवाल्यांचं काय? त्यांची रक्कम रिटायरमेंटच्या दिवशी मिळाली, ती तेवढीच. घर झालं, लग्न झालं, उरलेले पैसे पोस्टात. आणि पोस्टातले पैसे १९७४ च्या बाजारात किती टिकणार?

बरं, रेल्वेने फॉर्म एकदाच दिला असंही नाही. १९५७ ते १९८७ च्या दरम्यान जवळपास डझनभर वेळा पर्याय पुन्हा उघडला. काही ना काही बदल व्हायचा, पेन्शनमध्ये काही नवीन यायचं, की एक तारीख ठरवून परत विचारायचे. पण मेख अशी की विचारायचे ते त्या तारखेला नोकरीत असलेल्यांना, किंवा फार तर त्या तारखेनंतर रिटायर झालेल्यांना. तुम्ही त्याआधी बाहेर पडला असाल तर तुमच्यासाठी दार बंद.

शेवटचं मोठं दार १ मे १९८७ च्या आदेशाने उघडलं, आणि त्याची रचना मला फार महत्त्वाची वाटते. १ जानेवारी १९८६ ला नोकरीत असलेले सगळे पीएफवाले पेन्शनमध्ये आले असं मानायचं. ज्याला पीएफमध्येच राहायचंय त्याने ३० सप्टेंबर १९८७ पर्यंत तसं लिहून द्यायचं. कळतंय का फरक? १९५७ मध्ये काहीच केलं नाही तर माणूस पीएफमध्ये राहायचा. १९८७ मध्ये काहीच केलं नाही तर तो पेन्शनमध्ये जायचा. सरकारलाही तीस वर्षांत कळलं होतं की माणसं फॉर्म भरत नाहीत, पुढे ढकलतात, कोणीतरी सांगेल म्हणून थांबतात. त्यामुळे न भरलेल्या फॉर्मचा अर्थ काय लावायचा, यावरच हजारो म्हातारपणं ठरतात. या १९८७ च्या पर्यायावरून दिल्ली विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे खटले अगदी २०२२ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालले, यावरून काय ते समजा.

आता कोर्टाकडे वळू. इथे दोन निकाल आहेत आणि दोन्ही लागोपाठ समजून घ्यायला हवेत.

पहिला १७ डिसेंबर १९८२ चा, नकारा खटला. १९७९ चं सुधारलेलं सूत्र फक्त ३१ मार्च १९७९ ला किंवा नंतर रिटायर होणाऱ्यांना लागू केलं होतं. एक दिवस आधी रिटायर झालात तर कमी पेन्शन. पाच न्यायाधीशांचं पीठ, अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, आपले पुण्याचे. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांचं. कोर्टाने सांगितलं की पेन्शनर हा एकच वर्ग आहे, मनाला येईल ती तारीख लावून त्याचे दोन तुकडे करता येणार नाहीत. आणि पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. बिठूरपासून सुरू झालेल्या गोष्टीचं एक वर्तुळ इथे पूर्ण होतं. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

हा निकाल ऐकून पीएफवाल्या निवृत्तांना वाटलं, आता आपलाही नंबर. आम्हीही तेवढीच सेवा केली, त्याच शेडमध्ये, त्याच रुळांवर. आम्हालाही पेन्शनचा पर्याय द्या. हा खटला म्हणजे कृष्ण कुमार विरुद्ध भारत सरकार, निकाल जुलै १९९०. पुन्हा पाच न्यायाधीश. आणि निवृत्त हरले.

का हरले, ते ऐका, कारण आजच्या भागाचं सार त्यातच आहे. कोर्टाच्या म्हणण्याचा आशय असा: पेन्शनवाले आणि पीएफवाले हे मुळात दोन वेगळे वर्ग आहेत. पीएफच्या बाबतीत सरकारची जबाबदारी माणूस रिटायर होतो त्या दिवशी, खातं चुकतं केलं की, संपते. पेन्शनच्या बाबतीत ती त्या दिवशी सुरू होते.

मंडळी, निवृत्तीच्या बचतीबद्दल मी आजवर जे काही वाचलं, त्यात याच्याइतकं नेमकं काही मला सापडलेलं नाही. कुठलंही खातं घ्या, पीएफ, पीपीएफ, एनपीएस, काहीही. व्याज किती, टॅक्स किती वाचतो, हे सगळं नंतर. आधी विचारा की मी रिटायर होतो त्या दिवशी देणाऱ्याची जबाबदारी संपते की सुरू होते? संपत असेल तर त्या दिवसापासून महागाई माझी, दीर्घायुष्य माझं, बाजारही माझा.

आजीचं काय झालं, हेही सांगायला हवं. कोर्टाने दार बंद केलं तरी सरकारने थोडी फट ठेवली होती. निवृत्त होऊन वारलेल्या पीएफवाल्यांच्या कुटुंबांना १९८६ पासून महिन्याला १५० रुपये सानुग्रह म्हणून द्यायचं ठरलं. हयात असलेल्या जुन्या पीएफवाल्या निवृत्तांना, ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यांना, नोव्हेंबर १९९७ पासून ६०० रुपये. "सानुग्रह" हा शब्द बघा. अनुग्रह, म्हणजे कृपा. नकारा निकालाने पेन्शन कृपेतून हक्कात आणली, आणि ज्यांनी दुसऱ्या कागदावर सही केली होती ते मात्र कृपेवरच राहिले.

खासगी क्षेत्राचा रस्ता वेगळा, पण वळणं तीच. १९५२ चा ईपीएफ कायदा सुरुवातीला सहाच उद्योगांना होता, त्यात कापड गिरण्या होत्या, म्हणजे गिरणगाव आलं. वर्गणी होती सव्वासहा टक्के. तिथेही आधी फक्त पीएफ होता. १९७१ मध्ये फॅमिली पेन्शन आली, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ईपीएस. आता मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, ३.६७ टक्के पीएफकडे. पण या पेन्शनला पगाराची मर्यादा आहे, आज १५,००० रुपये. सूत्र असं की पगार गुणिले वर्षं भागिले ७०. तीस वर्षं नोकरी केली तर १५,००० गुणिले ३० भागिले ७०, साधारण ६,४२८ रुपये. आणि याला महागाई भत्ता नाही. म्हणजे जबाबदारी निवृत्तीला सुरू होते खरी, पण ती गोठलेली असते. दरवर्षी ६ टक्के महागाई धरली तर आजचा दहा हजारांचा किराणा-औषधांचा खर्च वीस वर्षांनी बत्तीस हजारांवर जातो. पेन्शन मात्र जागच्या जागी. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर जास्त पेन्शनसाठी अर्ज भरायची धावपळ २०२३ मध्ये झाली, आठवतेय ना? तोही फॉर्म तोच होता. हातातला पीएफ परत द्या, पेन्शन वाढवून घ्या.

आणि सरकारी नोकरीत तर काटा उलटा फिरला. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या लोकांना. एनपीएस म्हणजे स्वभावाने आजोबांचा पीएफच, फक्त पैसा बाजारात गुंतवलेला. साठाव्या वर्षी जो फंड साठला असेल त्यातले ६० टक्क्यांपर्यंत हातात, निदान ४० टक्क्यांची ॲन्युइटी. ती ॲन्युइटीही महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर संपावर गेले, त्यामागे हाच अनुभव होता.

त्यावर उतारा म्हणून आली यूपीएस, १ एप्रिल २०२५ पासून. पंचवीस वर्षं नोकरी असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, महागाईची भर, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याच्या ६० टक्के. दहा वर्षं झाली असतील तर किमान १०,००० रुपये. बदल्यात काय? साठलेला फंड सामाईक पोतडीत जातो. दोघंही नवरा-बायको गेल्यावर मुलांच्या हाती तो फंड येत नाही. एनपीएसमध्ये पैसा तुमचा, जोखीमही तुमची, आणि उरलं तर वारसांचं. पर्याय द्यायची मुदत आधी ३० जून २०२५ होती, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर. मुदत वाढत जाते, हेही १९५७ पासून चालत आलेलंच.

तर भुसावळच्या दादांना माझं उत्तर. आजोबांची चूक नव्हती. त्यांच्या समोरच्या कागदावर जे लिहिलं होतं, त्याला धरून त्यांनी शहाण्यासारखा निर्णय घेतला. त्या पैशाचं घर झालं, आत्याचा संसार उभा राहिला, तो पैसा वाया गेला नाही. पण त्यांचा हिशोब स्वतःच्या आयुष्याचा होता. "मी लवकर गेलो तर" याचा त्यांनी विचार केला. "ती माझ्यानंतर पंधरा-वीस वर्षं जगली तर" हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, आणि त्यांच्या डोक्यातही आला नसावा. त्या काळात तो फारसा कोणाच्याच डोक्यात यायचा नाही.

म्हणून तुमच्या समोर जो फॉर्म असेल, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने तीन प्रश्न लिहा. मी नव्वदीपर्यंत जगलो तर? माझ्यामागे जोडीदार वीस वर्षं राहिला तर? भाव तिप्पट झाले तर? आणि चौथा प्रश्न बाजीरावाचा: जो देणार म्हणतोय, तो बदलला, त्याचे नियम बदलले, तर माझ्या हातात स्वतःचं काय आहे? पहिले तीन प्रश्न पेन्शनकडे ढकलतात, चौथा पीएफकडे, पीपीएफकडे, स्वतःच्या घराकडे. ज्यांना दोन्ही थोडं थोडं ठेवता येतं, ते नशीबवान.

आणि एक शेवटचं. फॉर्म भरताना एकट्याने भरू नका. ज्या माणसाला तुमच्यानंतर त्या पैशावर जगायचंय, त्याला शेजारी बसवा. १९५७ मध्ये आजीला कोणी विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. कदाचित तीही म्हणाली असती, आधी घर बांधू. पण मग तो निर्णय दोघांचा झाला असता, आणि पुढची इतकी वर्षं घरात एकट्या आजोबांच्या सहीला कोणी बोल लावला नसता.

तुमच्या घरातही असा एखादा ऑप्शन फॉर्म, जुनं पीपीओ, पीएफची स्लिप असेल तर ती गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.